मुंबई ते नागपूर, तीन तासांच्या आत

ताईच्या सासऱ्यांना माझ्याकडे कारंजाला आणलं तेव्हा दुसरं महायुद्ध संपून दोनेक वर्षं झाली होती. मी तिथल्या शाळेत भूगोल आणि गणित शिकवत होतो आणि बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन एकटाच राहत होतो. ताई किन्हीराजाला दिलेली. गावात डॉक्टर नव्हता, म्हणून म्हाताऱ्यांना मोटारीच्या मागच्या बाकावर निजवून माझ्याकडे आणलं. बरोबर ताई होती आणि तिचे मोठे दीर; सासूबाई घर सांभाळायला मागे राहिल्या. त्यांना सगळे थोरले म्हणत, मीही तेच म्हणायचो. पुढच्या खोलीत बाज टाकली. डॉक्टर रोज सकाळ-संध्याकाळ येऊन जात.

ताईचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, मुंबईत एका कापडगिरणीच्या गोदामात कापसाची प्रत पारखायच्या कामावर होते. वर्षातून दोनदा गावी येत. गिरणीजवळ खोली मिळाली की तुला नेतो, असं ते ताईला तीन वर्षं सांगत होते. खोली मिळत नव्हती. मिळत नव्हती की ते शोधत नव्हते, हा प्रश्न मी ताईला कधी विचारला नव्हता, पण माझ्या मनात होता.

एका मंगळवारी दुपारी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, धाकट्या मुलाला बोलवून घ्या. मी शाळेतून तसाच पोस्टात गेलो आणि तातडीची तार केली. तेव्हा चार वाजून गेले होते. घरी येऊन रेल्वेचं वेळापत्रक काढलं. तार मुंबईत हातात पडेपर्यंत रात्र होणार, तोवर मेल सुटलेली असणार. बुधवारी रात्रीची मेल धरली तर गुरुवारी सकाळी मूर्तिजापूर, आणि तिथून आमची छोटी गाडी धरून दुपारपर्यंत कारंजा. मी ताईला म्हणालो, "गुरुवारी दुपारपर्यंत येतील." ताई सासऱ्यांच्या तळपायांना तूप चोळत होती. ती म्हणाली, "तवर राह्यतील का ते?"

बुधवारी, अजून दिवे लागायचे होते, तेव्हा भाऊजी दारात उभे राहिले.

हातात लहानशी पिशवी, अंगात गिरणीतला मळका कोट. कोणाशी न बोलता ते थेट बाजेशी गेले आणि खाली बसले. म्हाताऱ्यांनी डोळे उघडले. त्यांनी मुलाला ओळखलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ते गेले. माझ्या वेळापत्रकाप्रमाणे भाऊजी आले असते तर बाप भेटला नसता.

खरं तर एवढ्यावर समाधान मानायला हवं होतं. पण भाऊजी आत शिरले त्यांच्या मागोमाग थोरले आले होते, आणि त्यांनी मला खुणेने परसात बोलावलं.

"मास्तर, हा कोन्या मोटारीतून उतरला, पाह्यलं का तुमी?"

"नाही. मी घरातच होतो."

"मी औषध आणाले गेलतो. अमरावतीच्या मोटारीतून उतरला तो. माह्या डोयानं पाह्यलं. मुंबईचा मानूस मूर्तिजापुराकडून येईन, का अमरावतीकडून?"

मी मनात वेळापत्रक पुन्हा उघडलं. तार काल चारनंतरची. आज पाच वाजता माणूस हजर, आणि तोही नागपूर-अमरावतीच्या बाजूने. मुंबईहून कोणत्याही गाडीने हे जमत नव्हतं.

जेवताना थोरल्यांनीच विचारलं. भाऊजी ताटाकडे बघत म्हणाले, "इमानानं आलो. मुंबई ते नागपूर. तिथून मोटारीनं."

"किती वेळ लागला इमानाले?"

"दोन-सव्वादोन तास."

"आन् तुले कोनं बसवलं इमानात?"

"मिळाली जागा," भाऊजी म्हणाले आणि पानावरून उठले.

आमच्यात तोवर कोणी विमानात बसलेलं नव्हतं. विमानं आम्ही युद्धाच्या दिवसांत पाहिली होती, खूप वरून जाताना, आणि त्यांत बसणारे लोक म्हणजे गोरे अधिकारी किंवा राजेरजवाडे असंच आमच्या डोक्यात होतं. गोदामातला माणूस मळक्या कोटात विमानातून उतरतो, हे माझ्याही गळी उतरेना. थोरल्यांनी दोन दिवसांत त्याचा अर्थ लावून टाकला. वडील आजारी आहेत हे पत्राने कळल्यावर धाकटा आधीच नागपूरला येऊन बसला होता, जमिनीच्या वाटणीसाठी वकील गाठत होता, आणि मुंबईत गेलेली तार कोणीतरी त्याला नागपूरला कळवली. ते हे माझ्याशी बोलत तेव्हा आवाज खाली आणत, आणि त्या खालच्या आवाजामुळेच मला ते जास्त खरं वाटे.

ताईने दुसराच अर्थ लावला. तो तिने बोलून दाखवला नाही. तेराव्यासाठी सगळे किन्हीराजाला गेलो होतो. तिथे विहिरीवर एकटी असताना तिने मला विचारलं, "भाऊ, नागपूर मोठं गाव हाय ना? तिथं मानसाले मुंबईपरीस सस्त्यात घर मांडता येत असन."

मी म्हणालो, "असं काही मनात आणू नको."

"मी कायले आनू? तीन वर्सं झाले, खोली भेटून नाही राह्यली. तू भूगोलाचा मास्तर हायस. पाह्य ना मोजून, हे होते का."

मग मी मोजलं. शाळेच्या नकाशाच्या पुस्तकात मुंबईच्या ठिपक्यावर एक टाचणी आणि नागपूरच्या ठिपक्यावर दुसरी रोवून मध्ये काळा दोरा ताणला. रेल्वे वळणं घेत पाचशे मैलांच्या वर जाते. दोरा सरळ होता, तो प्रमाणपट्टीवर ठेवला तर साडेचारशेच्याही आत आला. पण त्या दोऱ्याकडे बघताना दुसरीच गोष्ट दिसली. नकाशात कारंजाचा ठिपका नव्हता, तो मी पेन्सिलीने काढला, आणि दोरा जवळजवळ त्याच्यावरूनच जात होता. म्हणजे भाऊजी खरंच विमानात असतील तर ते बुधवारी सकाळी आमच्या डोक्यावरून गेले होते, पुढे नागपूरला उतरले होते, आणि तेवढंच अंतर मोटारीने मागे यायला त्यांना संध्याकाळ झाली होती.

ताईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्या दिवशी सकायी मामाजी म्हनत होते, आभायात काई घुमून राह्यलं. मले वाटलं, वातात बोलून राह्यले."

"विमान तर रोजच जात असेल," मी म्हणालो. "विमान गेलं म्हणजे भाऊजी त्यात होते असं नाही."

हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कोणाच्या तोंडी ते घालता येणार नाही.

अंतर कळलं तरी वेग माहीत नव्हता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मुसलमान मिस्त्रींचं मोटारदुरुस्तीचं दुकान होतं. युद्धात ते आसामकडच्या एका विमानतळावर कामाला होते. मी त्यांच्याकडे गेलो. मालवाहू विमानांनाच आता खुर्च्या बसवून माणसं नेतात, हे त्यांनी मला सांगितलं. वेग विचारल्यावर हात पुसत म्हणाले, "घंट्याले दीडशेच्या वर समजा मास्तरसाब. हवा सामनेसे असन तर कमी, पाठीशी असन तर जादा."

"म्हणजे साडेचारशे मैलांना?"

"तीन घंट्याच्या आत. पर दोन-सव्वादोन नाही. येवढं नाही पळत ते."

मी तिथेच उभा राहून मनात भागाकार केला. मिस्त्रींचं बरोबर होतं. सव्वादोन तासांत जायला विमानाला ताशी दोनशे मैलांच्या आसपास पळावं लागलं असतं. मिस्त्रींनी माझ्याकडे बघून विचारलं, "कोनी जानार हाय का?"

"नाही, मुलांना शिकवायचं आहे," मी खोटं सांगितलं.

नंतर भाऊजींना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, तीन तास लागले असतील. आणि ताई म्हणाली, तिला त्यांनी अडीच सांगितले होते. तीन माणसांना तीन निरनिराळ्या वेळा. शाळेत एखादा मुलगा एकाच उदाहरणाची तीन उत्तरं आणतो तेव्हा त्याने उदाहरण सोडवलेलंच नसतं, असा माझा अनुभव होता. भाऊजींचंही तसंच असणार, अशी माझी खात्री झाली. त्यांच्याकडे घड्याळ नाही ही गोष्ट मी रोज बघत होतो आणि ती माझ्या लक्षात आली नाही.

दसऱ्याच्या सुट्टीत शाळेसाठी पुस्तकं आणायला मला नागपूरला पाठवलं. पुस्तकांचं काम एका दिवसात झालं. दुसऱ्या दिवशी मी टांगा करून विमानतळावर गेलो. गावाबाहेरचा मोठा मोकळा माळ, एक बैठी इमारत, कौलारू पडवीत दोन-तीन बाकं. खिडकीपाशी एक तरुण कारकून होता. त्याला मी सांगितलं, आमचे एक नातेवाईक मुंबईहून निघाले आणि घरी पोचलेच नाहीत, ते त्या दिवशीच्या विमानात होते का तेवढं बघायचं आहे. शाळामास्तराचा कोट आणि केविलवाणा चेहरा बघून त्याला दया आली. त्याने आतून कागद आणले आणि त्या बुधवारची यादी काढली. यादी लहान होती. त्याने बोट फिरवत नावं दोनदा वाचली.

भाऊजींचं नाव नव्हतं.

"विमान किती वाजता आलं होतं?" मी विचारलं.

"सकाळी दहाला. तीन तासांना पाच-दहा मिनिटं कमी."

मी त्याचे आभार मानले. बाहेर आलो तेव्हा वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. माझा हिशेब बरोबर ठरला होता. परतताना मोटारीत मी वाक्यं जुळवत होतो, ताईला हे कसं सांगायचं.

किन्हीराजाला जाऊन मी तिला सगळं सांगितलं. यादी, वेळ, दोन-सव्वादोन तास. ती सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. माझं सांगून होईपर्यंत हात थांबला नाही. मग सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "बरं झालं, तू जाऊन आला."

त्याच महिन्यात भाऊजींचं पत्र आलं की खोली मिळाली आहे, लहान आहे पण नळ जवळ आहे, मी घ्यायला येतो. ताईने माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं. घरी सासूबाई एकट्या पडतील, कापसाची वेचणी तोंडावर आहे, सध्या येता येणार नाही. मी ते माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं. पुढची दोन पत्रं तिने फोडलीसुद्धा नाहीत. थोरल्यांनी वाटणीचं बोलणं काढलं आणि धाकट्याला न विचारता विहिरीकडचा तुकडा आपल्याकडे ठेवला. नागपूरची यादी माझ्याकडून त्यांच्याही कानावर गेली होती. गावात कोणी काही विचारलं की ते म्हणत, "मास्तर सोता पाहून आले."

पौषात एके दिवशी शाळेतून घरी आलो तर दारात एक मोटार उभी होती आणि माझ्या पडवीत पांढऱ्या पँटीतले एक उंच, वयस्क गृहस्थ बसले होते. भाऊजींच्या गिरणीचे ते मॅनेजर. कापसाच्या खरेदीसाठी कारंजाला आले होते. भाऊजींनी त्यांच्याजवळ ताईसाठी एक पुडकं दिलं होतं आणि पत्ता माझा.

चहा घेताना त्यांनी विचारलं, "वडिलांची भेट झाली ना त्याची? मला विचारायचं होतं, पण तो काही बोलत नाही."

"झाली," मी म्हणालो. "एक रात्र मिळाली."

"बरं झालं. मला दुसऱ्या दिवशी मीटिंगसाठी नागपूरला निघायचं होतं. तो तार घेऊन रात्री माझ्या घरी आला, रजा मागायला. उभा राहून रडत होता. मी म्हटलं, तू जा माझ्या जागी, मीटिंग परवा आहे, मी उद्या रात्रीच्या मेलने जाईन."

मी कप खाली ठेवला. "तुमच्या तिकिटावर?"

"माझ्याच नावावर," ते थोडं हसून म्हणाले. "तसं करायचं नसतं. म्हणून त्याला बजावलं होतं, घरीसुद्धा सांगायचं नाही, नाहीतर माझी पंचाईत होईल. आता तुम्ही घरचे आहात म्हणून बोललो. त्याने सांगितलं नाही वाटतं?"

"नाही," मी म्हणालो. "त्यांनी काहीच सांगितलं नाही."

ते गेल्यावर मी कप उचलून आत नेले. आधी मनात आलं ते हे, की हा माणूस भाऊजींनीच पढवून पाठवला नसेल कशावरून. ते मनात आलं हे मला आज लिहितानाही लाजिरवाणं वाटतं. पण त्या कारकुनाने यादी वाचली तेव्हा त्यात या मॅनेजरांचं नाव होतं. मला ते चांगलं आठवत होतं, कारण आडनाव वेगळं होतं आणि कारकून ते वाचताना अडखळला होता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी किन्हीराजाला गेलो. ताई शेतात होती. कमरेला ओटी बांधून बायकांच्या ओळीत कापूस वेचत होती. मी तिला बांधावर बोलावलं, पुडकं हातात दिलं आणि मॅनेजर जे बोलले ते शब्दाला शब्द सांगितलं. ती ओटीतला कापूस दोन्ही हातांनी दाबत उभी राहिली.

"मंग नाव कसं भेटन तुले त्या यादीत," ती म्हणाली.

"ताई, मी चुकलो."

"तू मोजाले गेला. मीच सांगतलं तुले. पर तू नागपूरले कायले गेलता? ते मी नवतं सांगतलं." तिचा आवाज चढला नाही. "आन् तिथून आला तं तुह्या तोंडावर खुशी होती. मले दिसली. मी म्हटलं, याले माह्या नवऱ्याची चोरी सापडली म्हनून हा खुश हाय, तं ते खरंच असन."

तिने पुडकं उघडलं. आत निळ्या काठाचं लुगडं होतं आणि एक चिठ्ठी. चिठ्ठी तिने मला वाचायला दिली नाही. शेजारच्या शेतात एका वाण्याची शिकलेली सून होती, तिच्याकडे घेऊन गेली. आमच्यात पहिल्यांदाच असं झालं.

मी भाऊजींना सविस्तर पत्र लिहिलं, काही न लपवता. विमानतळावर गेलो होतो, खोटं बोलून यादी बघितली, ताईला आणि थोरल्यांना सांगितलं, सगळं. उत्तर आलं नाही. फाल्गुनात ते स्वतः ताईला न्यायला आले आणि जाताना माझ्याकडे एक रात्र उतरले. ताई आत भांडी आवरत होती. आम्ही दोघं पडवीत बसलो होतो. मी माफी मागितली. ते म्हणाले, "मास्तर, मी तुमाले सांगाले पायजे होतं. पर शब्द देल्ला होता."

मग ते आपणहून सांगू लागले. विमानात शेजारी एक व्यापारी बसला होता. तो खिडकीतून गावं दाखवत होता. हे अकोला गेलं, तो म्हणाला, आणि आता खाली मूर्तिजापूर आहे. भाऊजींनी वाकून पाहिलं. वावरं दिसत होती, एक बारीक रस्ता दिसत होता, नदी दिसत होती. "तवा मले समजलं, बाप इथंच खाली हाय. उजव्या हाताले. आन् मले उतरता येत नाही. ते पुढंच चाललं. मी त्या वाण्याले म्हटलं, इथं थांबत नाही का? तो हसला. मंग मले ओकारी झाली, आन् मी डोये मिटून घेतले. किती वेळ लागला, काय सांगू तुमाले? मले इचारलं तं तोंडाले येईन ते सांगत गेलो."

आता माझ्याकडे विचारायला काही उरलेलं नसायला हवं होतं. तरी मी विचारलं, कारण कारकुनाने सांगितलेली दहाची वेळ माझ्या डोक्यातून गेली नव्हती. "नागपूरला दहाला उतरलात, आणि पाचला इथे पोचलात म्हणजे अमरावतीची मोटार बाराची धरली असणार. मधले दोन तास?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. "इमानतळाच्या बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसलो होतो," ते म्हणाले. "बाप गेला असन आन् मी जाऊन पाहीन, असं वाटे. उठूच वाटेना."

आतून भांड्यांचा आवाज थांबला होता. ताई दाराआड उभी राहून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोघांना छोट्या गाडीत बसवून दिलं. ताई मुंबईला पुढे बरीच वर्षं राहिली. पहिलं वर्षभर तिचं मला पत्र आलं नाही, भाऊजींचीच येत, ती बरी आहे एवढं कळवणारी. विहिरीकडचा तुकडा थोरल्यांनी परत केला नाही. मॅनेजरांची गोष्ट मी त्यांना दोनदा समजावून सांगितली. दुसऱ्या वेळी ते शांतपणे ऐकून म्हणाले, "मास्तर, तो मॅनेजर त्याच्याच गिरनीचा ना?" त्यानंतर मी त्यांच्याशी तो विषय काढला नाही.